जीमेल फुल्ल, फोनवर व्हायरसची भीती आणि टीव्हीवर फिरणारी चकरी: नेमकं बिघडतं काय, ते समजून घ्या!

‘तुमचं स्टोरेज ९७ टक्के भरलं आहे.’ फोनवर ही ओळ दिसली की बहुतेक लोक ती बोटाने बाजूला सरकवतात आणि पुन्हा रील्स बघायला लागतात. फोन चालू असतो, व्हॉट्सअ‍ॅप चालू असतं, मग घाई कसली?

घाई अशी, की ते स्टोरेज १०० टक्के भरलं की तुमच्या जीमेलवर नवीन ईमेल येणं बंद होतं. मुलाखतीचं बोलावणं असो, विम्याच्या हप्त्याची आठवण असो किंवा परीक्षेचं हॉलतिकीट, ते आल्या पावली परत जातं. पाठवणाऱ्याला ‘ईमेल पोहोचला नाही’ असा निरोप मिळतो, पण तुम्हाला त्या ईमेलचा पत्ताच नसतो. आपल्याला काही आलं नाही, एवढंच तुम्हाला दिसतं. समोरच्या कार्यालयाने आपोआप जाणारे हजार ईमेल पाठवलेले असतील, तर त्यातला एक परत आला म्हणून तिथून कोणी फोन करून विचारेल अशी आशाही फारशी नसते.

गंमत म्हणजे हे स्टोरेज ईमेलमुळे क्वचितच भरतं.

१ एप्रिल २००४ रोजी जीमेल आलं तेव्हा त्यात १ जीबी जागा मिळणार हे ऐकून अनेकांना ते ‘एप्रिल फूल’ वाटलं होतं. त्या काळी हॉटमेल २ एमबी आणि याहू ४ एमबी जागा देत होतं. आज गुगलच्या मोफत खात्याला १५ जीबी मिळतात, पण ते एकट्या जीमेलचे नाहीत. जीमेल, गुगल ड्राइव्ह आणि गुगल फोटोज या तिघांचं ते एकत्र कुटुंब आहे. १ जून २०२१ पर्यंत ठरावीक दर्जाचे फोटो या हिशेबात धरले जात नव्हते, त्या दिवसापासून नवीन फोटो मोजले जाऊ लागले. पुढे २०२४ मध्ये अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपसुद्धा याच १५ जीबीमध्ये येऊन बसला. म्हणजे रोज सकाळी येणारे ‘सुप्रभात’चे व्हिडिओ आणि भाच्याच्या लग्नाचे तेच ते फोटो पाच ग्रुपवरून पाच वेळा आलेले असले, तर तेच तुमच्या पगाराच्या ईमेलची जागा खात असण्याची शक्यता आहे.

म्हणूनच स्टोरेज भरल्यावर जाहिरातींचे ईमेल एकेक करून उडवत बसणं म्हणजे गळक्या टाकीखाली वाटी धरण्यासारखं आहे. एक साधा ईमेल ५० केबीचा धरला, तर असे हजार ईमेल उडवल्यावर मोकळे होतात जेमतेम ५० एमबी. फोनवर फोर-केमध्ये काढलेला हळदीचा एक मिनिटाचा व्हिडिओ याच्या कितीतरी पट जागा घेतो. त्यामुळे आधी मोठे मासे पकडावेत. गुगल वन अ‍ॅपमध्ये किंवा गुगल खात्याच्या स्टोरेजच्या पानावर गेलात की कोणी किती जागा अडवली आहे ते दिसतं, मोठ्या फाइल्सची वेगळी यादीही मिळते. फक्त ईमेलमधले जाडजूड शोधायचे असतील तर जीमेलच्या शोधाच्या चौकटीत इंग्रजीत ‘लार्जर’ हा शब्द, त्याला चिकटून विसर्गासारखी दोन टिंबं आणि त्याला चिकटूनच १० हा आकडा व ‘एम’ हे अक्षर टाइप करा. १० एमबीपेक्षा मोठे सगळे ईमेल समोर येतील.

इथे दोन गोष्टी लोकांना फार महागात पडतात. पहिली साधी आहे: उडवलेले ईमेल ३० दिवस ‘ट्रॅश’मध्ये राहतात आणि तोवर जागाही अडवतात, म्हणून ट्रॅश रिकामा केल्याशिवाय आकडा हलत नाही.

दुसरी गंभीर आहे. गुगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना अ‍ॅपमधून फोटो डिलीट केला, तर तो फक्त इंटरनेटवरून जात नाही, फोनमधूनही जातो. ‘ढगातला काढला, फोनमधला आहेच की’ या समजुतीत अनेकांनी मुलांच्या लहानपणीचे फोटो घालवले आहेत. असे फोटो साधारण ६० दिवस ट्रॅशमधून परत आणता येतात, त्यानंतर नाही. त्यामुळे आधी फोटो कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत, ते उघडून बघावेत आणि मगच साफसफाईला हात घालावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट बॅकअपमधून व्हिडिओ वगळण्याची सोय आहे. ती वापरली की पुष्कळ जागा वाचते, मात्र नवीन फोन घेतल्यावर जुने व्हिडिओ त्यात येणार नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं.

तुमच्या ईमेलची किल्ली कोणाकडे आहे?

स्टोरेजपेक्षाही मोठा प्रश्न हा आहे. बँक, शेअर बाजाराचं खातं, फेसबुक, इन्स्टाग्राम, शिष्यवृत्तीचा अर्ज, यांपैकी कुठलाही पासवर्ड विसरलात तर नवीन पासवर्डची लिंक बहुतेक वेळा ईमेलवर येते. म्हणजे ईमेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात बाकीच्या कुलपांच्याही किल्ल्या.

महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे, भरतीचे अर्ज अजूनही नेट कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात भरले जातात. ‘ईमेल आयडी आहे का?’ ‘नाही.’ ‘थांबा, बनवून देतो.’ दोन मिनिटांत खातं तयार होतं, पासवर्ड दुकानदार ठरवतो, कधीकधी मोबाइल नंबरही त्याचाच टाकला जातो. त्याच्या मनात काही वाईट नसतं. पण तीन वर्षांनी निवड यादीत नाव लागतं, कागदपत्र तपासणीचा ईमेल त्या खात्यावर जातो आणि तोवर दुकानाचं तिथे हॉटेल झालेलं असतं.

घरात कोणाचं खातं असं तयार झालं असेल, तर ते स्वतःच्या फोनवर उघडून तीन गोष्टी बदलाव्यात: पासवर्ड, रिकव्हरीचा मोबाइल नंबर आणि रिकव्हरीचा ईमेल. त्याच पानावर ‘युअर डिव्हायसेस’ ही यादी असते. त्यात दुकानातला कॉम्प्युटर अजून दिसत असेल तर तिथूनच त्याला साइन आउट करता येतं.

मोबाइल नंबरबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. बंद झालेला नंबर कायमचा बंद होत नाही. किमान ९० दिवस उलटले की कंपनी तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. तुमच्या ईमेलला किंवा बँकेला जुना नंबर जोडलेला राहिला असेल, तर ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊन पडेल. सिम बदलताना आधी नंबर सगळीकडे बदलून घ्यायचा आणि मग जुनं सिम सोडायचं, हा क्रम उलटा करू नये.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करावं हे सगळेच सांगतात. पण फोन हरवला तर स्वतःच्याच खात्याबाहेर उभं राहायची वेळ येते, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यासाठी गुगल १० बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालणारा. ते फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवण्यात काही अर्थ नाही, कारण फोनच तर हरवलेला असतो! कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवावेत.

आणखी एक नियम: दोन वर्षं अजिबात न वापरलेलं वैयक्तिक गुगल खातं कंपनी त्यातल्या ईमेल-फोटोंसकट काढून टाकू शकते. घरातलं एखादं वडीलधारं माणूस गेल्यावर त्यांच्या खात्यातले फोटो नंतर सावकाश बघू, असं म्हणता म्हणता ही मुदत निघून जाते. यावर ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. खातं ठरावीक महिने वापरलं गेलं नाही तर त्यातलं काय, कोणाला द्यायचं हे त्यात आधीच लिहून ठेवता येतं. मृत्युपत्राइतकं अवघड नाही, दहा मिनिटांत होतं.

काही किरकोळ गोष्टीही सांगायला हव्यात. जीमेलच्या पत्त्यातल्या टिंबांना काही किंमत नसते. नाव आणि आडनावाच्या मध्ये टिंब दिलं काय नि नाही काय, खातं एकच. त्यामुळे कोणा नावबंधूच्या विजेच्या बिलाचा ईमेल तुम्हाला आला तर खातं हॅक झालं असं समजू नका, त्याने स्वतःचा पत्ता चुकीचा दिला आहे. सोसायटीच्या सगळ्या सभासदांना नोटीस पाठवताना पत्ते ‘बीसीसी’मध्ये टाकावेत, नाहीतर शंभर जणांचे पत्ते शंभर जणांच्या हाती पडतात आणि त्यावर पार्किंगचं महाभारत ‘रिप्लाय ऑल’ने रंगतं ते वेगळंच. आणि ‘अनडू सेंड’ची मुदत सुरुवातीला ५ सेकंदच असते. कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ती ३० सेकंद करता येते. गेलेला ईमेल ती परत आणत नाही, फक्त तेवढा वेळ रोखून धरते. पण रागाच्या भरात वरिष्ठांना लिहिलेल्या उत्तरासाठी ३० सेकंद पुष्कळ असतात.

‘अलाऊ’ नावाचं बटण

आता ब्राउझरकडे वळू. ‘तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस सापडले आहेत’, ‘बॅटरी खराब झाली आहे, लगेच दुरुस्त करा’ असे निरोप दर अर्ध्या तासाने येऊ लागले की लोक घाबरून दुकानात जातात आणि फोन फॉरमॅट करून आणतात. बऱ्याचदा फोनमध्ये व्हायरस वगैरे काही नसतो.

होतं असं, की फुकट सिनेमा, निकाल किंवा गाणं शोधताना एखादी वेबसाइट उघडते आणि म्हणते, ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा.’ रोबोट नसण्याचा आणि त्या बटणाचा काडीचाही संबंध नसतो. ते दाबून तुम्ही त्या वेबसाइटला तुमच्या फोनवर हवे तेव्हा निरोप पाठवायची परवानगी देता. मग वेबसाइट बंद केली तरी तिचे निरोप येतच राहतात, आणि त्यातल्या लिंकवर टिचकी मारली की खरं संकट सुरू होतं: बनावट अँटिव्हायरस, कर्जाची अ‍ॅप्स, कस्टमर केअरचे खोटे नंबर.

उपाय एका मिनिटाचा आहे. क्रोममध्ये वरचे तीन टिंब, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे ज्या वेबसाइट्सना परवानगी दिली आहे त्यांची यादी दिसते. ओळखीची नसेल ती काढून टाका. खरं तर बातम्यांच्या एखाद्या साइटचा अपवाद सोडला तर कोणालाच ही परवानगी द्यायची गरज नसते. आई-वडिलांच्या फोनवर हे एकदा बघाच.

खोटी वेबसाइट ओळखण्यासाठी पत्त्याशेजारचं कुलूप बघा, असा सल्ला अनेक वर्षं दिला गेला. तो आता जुना झाला. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्या आणि त्या वेबसाइटच्या मधलं बोलणं कोणी चोरून वाचू शकत नाही. समोर बसलेलाच चोर असेल तर कुलूप काय करणार? याच कारणाने क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

त्याऐवजी पत्ता वाचायला शिकावं. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्यायच्या आणि त्यापुढे पहिली तिरकी रेघ जिथे येते तिथे थांबायचं. तिथून उजवीकडून डावीकडे वाचायला लागायचं. पत्ता ‘तुमचीबँक डॉट कॉम डॉट अमुकतमुक डॉट टॉप’ असा असेल, तर ती वेबसाइट तुमच्या बँकेची नाही, ती अमुकतमुकची आहे. बँकेचं नाव पुढे कोणालाही लावता येतं, शेपूट मात्र लपवता येत नाही. हीच गोष्ट लक्षात घेऊन रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये भारतातल्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ हे शेपूट ठरवून दिलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. या पत्त्यांची नोंदणी फक्त हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था करते, त्यामुळे ते वाटेल त्याला मिळत नाहीत. सरकारी कामासाठी ‘गव्ह डॉट इन’ बघावं. कस्टमर केअरचा नंबर मात्र गुगलवर शोधूच नये. तो कार्डाच्या मागे किंवा बँकेच्या अ‍ॅपमध्ये असतो. पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर लगेच फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात आणि ते वाटेत अडवता येतील की नाही हे तक्रार किती लवकर झाली त्यावर ठरतं.

‘इन्कॉग्निटो’बद्दल एवढंच, की तो तुमचा इतिहास तुमच्याच फोनपासून लपवतो. ऑफिसचं नेटवर्क, इंटरनेट देणारी कंपनी आणि ती वेबसाइट यांच्यापासून नाही. या मुद्द्यावर गुगलविरुद्ध अमेरिकेत २०२० मध्ये खटला झाला आणि २०२४ मधल्या तडजोडीत साठवलेली माहिती नष्ट करायला कंपनी तयार झाली. तरीही झेरॉक्सच्या दुकानात ईमेल उघडायचा असेल तर इन्कॉग्निटोच वापरावा, कारण खिडकी बंद केली की लॉग-इन तिथे मागे राहत नाही.

मग ती चकरी का फिरते?

घरी १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, तरी टीव्हीवर सिनेमा अडकतो. खापर कंपनीवर फुटतं, कधी ते बरोबरही असतं, पण बऱ्याच घरांत गुन्हेगार दोन खोल्यांच्या मधली भिंत असते.

ऑनलाइन व्हिडिओ सलग येत नाही. तो काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार ठेवलेला असतो. वेग चांगला असेल तर अ‍ॅप स्पष्ट तुकडा मागवतं, कमी झाला तर धूसर. पुढचे काही तुकडे आधीच आणून ठेवलेले असतात. ती शिल्लक संपली आणि नवीन तुकडा आला नाही की चकरी फिरते. क्रिकेट सामन्यात हे जास्त होतं, कारण जे अजून घडलंच नाही त्याचे तुकडे आधी आणणार कुठून? तरी अ‍ॅप थोडं मागे राहून चालतं, म्हणूनच शेजारी केबलवर बघणाऱ्यांच्या घरातून विकेटचा आरडाओरडा आधी ऐकू येतो.

वेग तरी किती लागतो? नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात. म्हणजे एका टीव्हीसाठी १०० एमबीपीएस भरपूर झाले. ३०० चा प्लॅन घेण्याआधी एक साधी तपासणी करा. मोबाइल राउटरजवळ धरून स्पीड टेस्ट करा, मग टीव्हीजवळ धरून करा. पहिला आकडा ९० आणि दुसरा ८ आला, तर महागडा प्लॅन घेऊन काही उपयोग नाही, कारण गळती घराच्या आत आहे. पहिलाच आकडा कमी आला तर मात्र कंपनीला फोन करा.

राउटरवर सहसा दोन बँड असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांबवर पोहोचतो पण हळू असतो, शिवाय इमारतीतल्या साऱ्या शेजाऱ्यांचे राउटर त्याच गर्दीत असतात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण त्याच लहरींवर चालतो. ५ वेगवान असतो, पण आरसीसी भिंतीपुढे हात टेकतो. टीव्ही आणि राउटर एका खोलीत असतील तर टीव्ही ५ वर जोडावा. आणि राउटर मोकळ्यावर, थोडा उंचावर ठेवावा. आपल्याकडे तो दिसायला नको म्हणून टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा माळ्यावरच्या भांड्यांच्या गर्दीत कोंबला जातो आणि मग रेंज नाही म्हणून तक्रार होते. स्वस्तातला रिपीटर घेण्याआधीही विचार करावा, एकाच बँडवर चालणारा रिपीटर वेग साधारण निम्मा करतो. शक्य असेल तर टीव्हीपर्यंत सरळ वायर ओढावी. दिसायला वाईट दिसते, चालते मात्र उत्तम.

इथे ब्राउझरचा धडा पुन्हा कामी येतो. नवीन टीव्हीवर अ‍ॅप उघडलं की पडद्यावर एक कोड येतो आणि तो मोबाइलवर टाकायला सांगतात. त्यासाठीचा पत्ता पडद्यावरच लिहिलेला असतो. तो जसाच्या तसा टाइप करावा. ‘अ‍ॅक्टिव्हेट’ असं गुगलवर शोधलं तर हुबेहूब दिसणारी खोटी पानं सापडू शकतात, जी ‘सुरू करण्याचे’ पैसे मागतात. कोड टाकण्याचे वेगळे पैसे कोणीही घेत नाही.

पैशांचा विषय निघालाच आहे तर: टीव्हीवरून किंवा फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही. ऑटोपे चालूच राहतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला कळवावं लागतं आणि त्याच वेळी ते थांबवण्याचा पर्यायही द्यावा लागतो. ही सूचना एसएमएस किंवा ईमेलवर येते, म्हणजे पुन्हा त्याच भरलेल्या जीमेलवर! यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीवर महिन्यातून एकदा नजर टाकली, तर कधीतरी फुकट चाचणीसाठी घेतलेलं आणि विसरलेलं एखादं नाव हमखास सापडतं.

आणि सुट्टीत महाबळेश्वरला किंवा गोव्याला हॉटेलच्या टीव्हीवर स्वतःचं खातं उघडलं असेल, तर खोली सोडताना साइन आउट करायला विसरू नका. विसरलातच तर नेटफ्लिक्सच्या खात्यात ‘मॅनेज अ‍ॅक्सेस अँड डिव्हायसेस’मध्ये जाऊन तो टीव्ही घरबसल्या काढता येतो. यूट्यूबसाठी गुगल खात्याच्या डिव्हायसेसच्या यादीत बघा, कारण तिथे तुमचं गुगल खातंच जोडलेलं असतं.